मावा आलाच नाही
तंबाखू भिजवलेल्या पाण्याचा उग्र वास आला की मला मसुरे गावातला आमचा चवळीचा मळा दिसतो. मी तेव्हा नवी सून होते. शेतकी खात्यातल्या एका तरुण साहेबांनी मळ्यातल्या खांबाला पाऱ्याची नळी टांगली, तेव्हा सासूबाई मला हसून म्हणाल्या, "मळ्याक ताप इलो काय गो?" माघातल्या एका दुपारी साहेब पारा बघून म्हणाले, "थंडी ओसरून उष्मा चढतोय. आता चवळीवर मावा, ती रस शोषणारी कीड, पडणार. आधीच फवारा." एकही कीड दिसत नसताना आम्ही दोघींनी तंबाखूचं पाणी सगळ्या वेलांवर शिंपडलं. माझे हात संध्याकाळपर्यंत चुरचुरत होते. मावा आलाच नाही. शेंगा कोवळ्या लुसलुशीत लागल्या. साहेब खूश होऊन आले, "वाचला ना मळा?" सासूबाईंनी एक पान उलटून पाहिलं. "वाचलो खरो. पण सायबानू, मावो येवचोच होतो ह्यां कशावरून?" साहेब नळीकडे बघत हळूच म्हणाले, "थोडे वेल न फवारता ठेवायला हवे होते, म्हणजे कळलं असतं." "खंयचे वेल तशे ठेवतलंय? सगळे माझेच." असं म्हणून सासूबाई शेंगा खुडू लागल्या. आता माझी सून विचारते, फवारू का? मी हो म्हणते, पण का म्हणते ते मला अजून सांगता येत नाही.