साक्षीला लेम्पी

लेम्पी साल्मिनेनचे डोळे गेले, असं कॉपर क्रीकमध्ये १९८७च्या फेब्रुवारीत ठरलं. डॉक्टरांनी ठरवलं नाही. 'अँकर' बारमध्ये आठ तारखेला, रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर, हात वर करून ठरलं. नऊ विरुद्ध चार.

लेम्पी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. सकाळीच तिने चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून नवऱ्याच्या जुन्या कोटाचं बटण लावलं होतं. तो कोट आता तीच घालायची. आर्वोला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा काही त्याच्याबरोबर गेला नव्हता.

तिचा जन्म याच गावचा. बाप तांब्याच्या खाणीत. खाण बंद पडली तशी निम्मी आळी उठून डेट्रॉइटला गेली, लेम्पीच्या घरचे राहिले. लेम्पीने एकोणतीस वर्षं गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. दोनशे पोरांच्या ताटात उकडून कुस्करलेले बटाटे वाढायचे, आणि प्रत्येकाला सारखे. बँकेच्या मॅनेजरच्या पोराला एक डाव, लाकूडतोड्याच्या पोराला एक डाव. कोणी जास्त मागितलं तर ती म्हणायची, "सगळ्यांचं वाढून होऊ दे, मग ये." आणि मग आलेल्याला खरंच द्यायची.

'अँकर'शी तिचा संबंध आला तो १९५९च्या हिवाळ्यात. शनिवारी सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवून ती आर्वोला बोलवायला गेली, तर आत दोन माणसं पूलच्या टेबलावरच्या हिरव्या कापडाच्या दोन बाजूंना काठ्या उगारून उभी. पांढरा चेंडू आधी कुठल्या चेंडूला लागला यावरून भांडण. बारमधला प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा मेहुणा होता. शेवटी कोणीतरी म्हणालं, "लेम्पीला विचारा. ती आत्ताच आली, पण दारातून बघत होती."

"एकरंगी निळ्याला लागला," लेम्पी म्हणाली. "आर्वो, चल. पाणी निवतंय."

निळ्याला लागणं म्हणजे आर्वोच्याच बाजूची हार होती. आर्वो घरी जाताना वाटभर तिच्या वीस पावलं पुढे चालला. पण पुढच्या शनिवारी पेच पडला तेव्हा दोन्ही बाजूंनी तिचंच नाव आलं.

त्या खेळाचे नियम तसे सोपे. टेबलाच्या कडेला सहा पॉकेटं, म्हणजे भोकं; पंधरा रंगीत चेंडू. सात एकरंगी एकाचे, सात पट्ट्यांचे दुसऱ्याचे, ते पांढऱ्याने ढकलून पॉकेटात घालायचे, आणि काळा आठ नंबर सगळ्यात शेवटी. पांढऱ्याने आधी आपल्याच चेंडूला शिवायचं. दुसऱ्याच्या चेंडूला किंवा काळ्याला आधी शिवलं तर फाउल, आणि पांढरा समोरच्याच्या हातात; त्याने तो हवा तिथे ठेवून खेळावा. एवढं लहान पोरालाही कळतं. अडतं ते दोन चेंडू एकमेकांना खेटून बसलेले असतात तेव्हा. तिथे समोरच्याने फटक्याच्या आधी "थांब" म्हणायचं आणि साक्षी मागायचा. साक्षी दोघांनाही कबूल हवा. तो वाकून बघतो, सांगतो, आणि तो सांगतो तेच खरं. त्यानंतर खेळणाऱ्याला कोणी काही विचारायचं नाही. आधी साक्षी मागितलाच नाही, किंवा दोघांचं एकमत झालं नाही, तर मग खेळणाऱ्याचा शब्द चालतो. तो म्हणेल ते.

लेम्पीला हा शेवटचा नियम नियम म्हणून मान्य होता, पण आवडत नसे. आसपासच्या बारच्या लीगची अकरा पानांची पुस्तिका तिने इतक्या वेळा वाचली होती, की सातव्या पानावर छापायच्या राहिलेल्या दोन ओळी तिने शाईने लिहून ठेवल्या होत्या. कोणत्याही बारमध्ये गेलं की तिथले नियम वेगळे, एकात काळा कुठेही पडला तरी चालतो, दुसऱ्यात आधी पॉकेट सांगावं लागतं; याचा तिला मनापासून संताप यायचा. "उद्या तुम्ही म्हणाल, आमच्याकडे चौकोनी चेंडू चालतो," ती म्हणायची.

अठ्ठावीस वर्षं ती साक्षीला उभी राहिली. पैसे नाहीत, पेला नाही. फक्त कॉफी, तीही स्वतःच्या थर्मासमधली, कारण 'अँकर'च्या कॉफीला ती कॉफी म्हणत नसे.

एक फेब्रुवारीला लीगची अंतिम लढत होती. समोर बर्च पॉइंटचा संघ. जिंकणारा राज्य स्पर्धेला जाणार. कॉपर क्रीक तिथवर कधीच पोचलं नव्हतं. बेकरीवाल्याने पाठीवर गावाचं नाव भरतकाम केलेले शर्ट आधीच मागवले होते, ही त्याची चूक. शेवटचा डाव. व्हर्न ट्रेगोनिंगचा एकच चेंडू उरला होता, लाल पट्ट्याचा अकरा नंबर, आणि त्याला काळा असा खेटून होता की मधून पोस्टकार्डही सरकलं नसतं. व्हर्न म्हणजे गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. गेल्याच हिवाळ्यात फुटलेल्या बर्फातून त्याने दोन कोळ्यांना ओढून काढलं होतं. त्याला कोण नाही म्हणणार?

बर्च पॉइंटचा म्हातारा कप्तान रूडी पेलकोला म्हणाला, "थांब. साक्षी हवा. लेम्पी."

"लेम्पी," आपल्या बाजूचा कप्तान गॉर्डी बेलांजे म्हणाला. हसतच म्हणाला.

ती वाकली. व्हर्नने फटका मारला. काळा ताडकन उडाला, अकरा नुसता कुशीवर वळला. तिने तो आवाजही ऐकला होता, पण आवाजावर ती कधी जात नसे. नजरेने पाहिलं होतं.

"काळ्याला आधी. फाउल."

पांढरा रूडीच्या हातात गेला. तीन फटक्यांत खेळ संपला.

त्या दिवशी कोणी तिला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. सोमवारी पोस्टात गॉर्डीची बायको म्हणाली, "लेम्पी, मोतीबिंदूचं आता काहीच नसतं हं. माझ्या आईचं अर्ध्या तासात झालं." मंगळवारी बेकरीत तिच्या हातात पाव देताना मुलगी मोठ्याने आणि हळू हळू बोलली, जणू डोळ्यांबरोबर कानही गेले. बुधवारी शेजारचा माणूस न विचारता तिच्या दारातला बर्फ काढून गेला. "तुम्हाला दिसायचं नाही पायरीवरचं," असं वर म्हणाला.

लेम्पीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटारडी म्हणा! पैसे खाल्ले म्हणा, बर्च पॉइंटला फितूर झाली म्हणा! त्याला उत्तर देता येतं. या दयेला काय उत्तर द्यायचं? गावाला हार पचत नव्हती, व्हर्नला दोष द्यायची छाती नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून तिचे डोळे काढून घेतले होते, आणि वर तिची विचारपूस करत होते.

आठ तारखेच्या बैठकीत गॉर्डी उठला. "लेम्पीने या बारसाठी जे केलंय, त्याबद्दल कोणाचंच दुमत नाही. पण वय सगळ्यांचंच होतं. यापुढे साक्षीला कर्टिस उभा राहील. पेट्रोल पंपावरचा. सव्वीस वर्षांचा आहे, नजर तेज आहे. लेम्पी गुण लिहील. बसून."

"मला काही विचारायचंय," लेम्पी म्हणाली.

"विचार ना."

"माझी नजर कोणी तपासली?"

गॉर्डीने खाली बघितलं. "अगं, त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं."

"सगळे भिंतीपाशी उभे होते. टेबलापाशी मी होते आणि व्हर्न होता."

सगळ्यांचे डोळे व्हर्नकडे वळले. त्याने समोरचा पेला उचलून तोंडाला लावला. लेम्पीला एकच प्रश्न विचारायचा होता: व्हर्न, कुठल्या चेंडूला? पण साक्ष दिल्यावर खेळणाऱ्याला विचारायचं नाही. नियम होता. अठ्ठावीस वर्षांत तिने कोणाला विचारू दिलं नव्हतं. तिने मतदान होऊ दिलं. व्हर्नने हात ना या बाजूने वर केला, ना त्या.

"गुणही मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "डोळे गेलेल्या बाईने लिहिलेले आकडे तुम्ही वाचणार कसे?"

अकरा तारखेला व्हर्न तिच्या घरी आला. कागदात गुंडाळलेला धुरावलेला मासा घेऊन, बूट दारात काढून. तिने कॉफी दिली, वेलदोड्याचा पावही कापला. आलेल्याला द्यावंच लागतं.

"मिसेस साल्मिनेन," तो म्हणाला, "काळ्याला आधी लागला होता. मला काठीतच कळलं होतं."

"मला माहीत आहे."

"म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावं."

"मला?" तिने सुरी खाली ठेवली. "मला कशाला सांगतोस? मी पाहिलंय की! या गावात एकच माणूस आहे ज्याला हे सांगायची गरज नाही, आणि तू बरोबर त्याच्याच घरी आलास."

"तिथे सगळ्यांसमोर कसं बोलणार? लोक काय म्हणतील? त्यांना वाटतं मी..."

"काय वाटतं?"

"मी चुकत नाही असं वाटतं."

"आणि मी आंधळी आहे असं वाटतं. तुझ्याबद्दलचं वाटणं शाबूत राहावं म्हणून."

"काही दिवसांनी विसरतील हो सगळे. तुम्ही गुण लिहा, आम्ही तुम्हाला मऊ खुर्ची देतो, खिडकीजवळ..."

"व्हर्न ट्रेगोनिंग," ती उठली, "सात वर्षं तुला जेवायला वाढलं मी. एकदा तरी तुझ्या ताटातलं काढून दुसऱ्याला दिलं का? ऊठ. तो मासा घेऊन जा. खुर्ची काय देतोस मला!"

तो मासा घेऊन गेला. एक बूट नीट न बांधताच.

त्यानंतरही ती दर रविवारी 'अँकर'मध्ये गेली. अंगातला कोट न काढता काउंटरच्या टोकाला, व्हिनेगरमधल्या अंड्यांच्या बरणीशेजारी बसायची, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि एक शब्द बोलायची नाही. कर्टिस साक्षीला उभा राहायचा. पोरगं वाईट नव्हतं, पण सांगण्याआधी गॉर्डीकडे बघायचं. तेवढं एक पाहिलं की तिची कॉफी कडू व्हायची.

पंधरा मार्चला बर्च पॉइंटची माणसं पुन्हा आली. लीग संपली होती. ही वर्षातली एक लढत लाकडी माशासाठी. जिंकेल त्याच्या बारमध्ये तो मासा वर्षभर टांगायचा. दुपारी चारला सगळं बरोबरीत आलं. व्हर्नचा हिरव्या पट्ट्याचा चौदा नंबर रूडीच्या केशरी चेंडूला खेटून, आणि पांढरा टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"थांब," रूडी म्हणाला. "साक्षी."

कर्टिस पुढे झाला.

"हा कोण? लेम्पी कुठाय?"

"लेम्पी आता उभी राहत नाही," गॉर्डी म्हणाला. "तिचे डोळे, काय सांगू..."

"डोळे? आत्ता दारातून आत येताना माझ्या कोटाला आतून ठिगळ आहे हे तिने पाहिलं. मला कर्टिस नको."

"आम्हाला कर्टिसच हवा. एकमत नाही, मग खेळणाऱ्याचा शब्द." गॉर्डी व्हर्नकडे वळला आणि पुटपुटला, "मार. लागेल तिथे लागू दे."

व्हर्न वाकला. काठी मागेपुढे केली. पुन्हा केली. मग सरळ उभा राहिला आणि काठी टेबलावर आडवी ठेवली.

"लेम्पीला बोलवा," तो म्हणाला.

लेम्पीने थर्मासचं झाकण लावलं, पण जागची हलली नाही. "मी कशी येऊ? माझे डोळे गेलेत. नऊ विरुद्ध चार. ठराव झालाय, आणि ठराव अजून आहे."

"मिसेस साल्मिनेन, तुम्ही मला विचारा ना. त्या दिवशीचं."

"मी विचारणार नाही. साक्ष झाल्यावर खेळणाऱ्याला विचारायचं नाही."

"मग न विचारता सांगतो." व्हर्नचा चेहरा मानेपासून लाल झाला होता. "एक फेब्रुवारीला पांढरा काळ्याला आधी लागला. मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प बसलो. यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"आता हे कशाला उकरायचं?" गॉर्डी म्हणाला, पण त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

"ठराव मागे घ्यायचा असेल तर हात वर करा," लेम्पी बसल्या जागेवरून म्हणाली. "अर्धे नको. कोपरातून वाकवलेले मी मोजत नाही."

अकरा हात वर झाले. तिने दोनदा मोजले. मग कोट काढला, त्या ठरावानंतर प्रथमच, आणि खुंटीला टांगून टेबलापाशी आली.

व्हर्नने मारलं. पांढरा लांबून येऊन त्या दोघांत शिरला.

"पट्ट्याला आधी," ती म्हणाली. "बरोबर आहे. आणि चौदा पॉकेटमध्ये."

कॉपर क्रीकने छप्पर उडेल असा ओरडा केला. कोणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. रूडीने खांदे उडवले आणि शेजारच्याला ऐकू जाईल इतपतच म्हणाला, "शेवटी गाव कोणाचं!"

लेम्पी गर्रकन वळली. "रूडी पेलकोला! माझी साक्ष तू मागितलीस ना? मग घे ती. फेब्रुवारीत गोड लागली, आज कडू लागते? आणि तुम्ही!" ती आपल्या लोकांकडे फिरली. "तुम्ही कशाला नाचताय? मी तुमच्यासाठी नाही पाहिलं. पाठीवरून हात काढ रे. काळा अजून टेबलावर आहे. व्हर्न, पॉकेट सांग, आणि बाकीच्यांनी माझ्या उजेडातून बाजूला व्हा."