सातवी सुई

गोधडीवाल्या आजीच्या सुया रोज सकाळी सात निघायच्या आणि संध्याकाळी सातच्या सात घरी यायच्या. घरची माणसं एखादे वेळी उशिरा आली तरी ती फारशी चौकशी करायची नाही, पण सुयांच्या बाबतीत एक मिनिट इकडचं तिकडे चालायचं नाही. याला कारण होतं. आजीला सुईत दोरा ओवता येणं बंद होऊन पाच वर्षं झाली होती. टाका अजून मोत्यासारखा पडायचा, कारण टाका हात घालतो. पण सुईचं नेढं काही हाताला दिसत नाही. मग सून सकाळी कामावर जायच्या आधी खिडकीत उभी राहून सात सुयांत सात दोरे ओवून उशीला टोचून ठेवायची. सात सुया म्हणजे आजीचा एक दिवस.

आणि या दिवसभरात तिच्या डाव्या गुडघ्याला टेकून ठिगळ्या पडलेला असायचा. अंगानं पांढरा, पाठीवर एकच काळा डाग, तोही असा चौकोनी की कुणी मापून लावलाय. म्हणून ठिगळ्या. बारा वर्षांचा कुत्रा म्हणजे माणसात धरलं तर आजीच्याच वर्गातला. दोघांचे गुडघे एकाच वेळी वाजायचे. सून म्हणायची, "आई, तुम्ही उठलात की तो उठला, हे मला आतल्या खोलीत बसून कळतं." आजीनं त्याला उरलेल्या तुकड्यांचा चांगला पाच पदरी, कापूस भरलेला गळपट्टा शिवला होता. सूनबाईचा एकच आक्षेप होता. "मला कधी असं काही शिवलंत का?"

आजी म्हणायची, "तू कधी माझ्या पायाशी बसलीस का?"

तर असं हे घर. आता त्या शनिवारचं.

त्या दिवशी दुपारी पाववाल्याच्या बायकोनं सांगितलेलं दुपटं संपत आलं होतं. तिच्या लेकीला बाळ झालं होतं, नऊ दिवसांचं. आजीनं तीन आठवडे खपून दुपट्याच्या कडेनं बारीक टाक्यांची सात आवर्तनं घातली होती. शेवटची गाठ मारली, दोरा तोडला आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. पाववाल्याची बायको स्वतःच आली होती. दुपटं उलटून पालटून बघितलं, गालाला लावलं आणि घडी घालून घेऊन गेली. जाताना म्हणाली, "आजी, तुमच्या शिवणीवर मी बाळाला डोळे मिटून झोपवीन."

संध्याकाळी आजीनं सुया मोजल्या. सहा.

पुन्हा मोजल्या. उशी चाचपली. बोटांनी चाचपून तिला फारसं कळत नसे, ही एक वेगळीच गंमत होती. चाळीस वर्षं टोचून घेऊन बोटांची टोकं शिंगासारखी झाली होती. तिनं चटई उचलून झटकली, तुकड्यांचं बोचकं उपडं केलं, गुडघ्यांवर रांगत सगळी फरशी पालथी घातली. पूर्वी ती उठताना सुई बाहीला टोचायची. पण दोन महिन्यांपूर्वी नातीला कडेवर घेतलं आणि बाहीतली सुई पोरीच्या गालाला ओरखडून गेली. सून त्या दिवशी काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं आठवडाभर घरात ऐकू येत होतं. तेव्हापासून आजीनं बाही सोडली. सोडली म्हणजे सोडली. तरी तिनं दोन्ही बाह्या तपासल्या.

सुनेला सांगावं असं तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. चाळीस वर्षांत तिच्या गोधडीत कुणाला सुई सापडली नव्हती. आज सापडली तर उद्या 'आता पुरे करा, आई' हे शब्द येणार, आणि ते बरोबरही असणार. सकाळी उजेडात मिळेल, असं म्हणून ती गप्प बसली.

सकाळी सुई मिळाली नाही. आणि ठिगळ्यानं जेवणाच्या भांड्याला तोंड लावलं नाही.

तो भांड्याजवळ आला, मान खाली घातली आणि चटका बसल्यासारखा मागे सरला. पुन्हा गेला, पुन्हा सरला. मग कोपऱ्यात जाऊन मान ताठ ठेवून बसला, फोटो काढायला बसवतात तसा. तोंडात दोरा धरून ओढायची त्याला पिल्लू असल्यापासूनची खोड. दोऱ्याबरोबर सुई गेली असेल, तर? दिवसभर तिनं त्याला गोंजारलं, भांडं बदललं, जागा बदलली. तो फक्त तिच्याकडे बघत राहिला. तेवढं एक बरं, की अंगणात वाळत घातलेल्या चादरीचं टपकणारं पाणी त्यानं मान वर करून चाटलं. आजीनं ते पाहिलं, पण त्यातून काही काढलं नाही. घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

सोमवारी ती त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. हरवलेल्या सुईचं ऐकून डॉक्टरनं डोळे बघितले, पोट दाबलं. ठिगळ्यानं हूं की चूं केलं नाही. पण गळ्याकडे हात नेताच तो असा कळवळून ओरडला, की डॉक्टरनं हात मागे घेतला.

"घशाशी अडकली असेल, नाहीतर त्याच्या खाली," डॉक्टर म्हणाला. "उद्या मोठ्या दवाखान्यात नेऊन आतला फोटो काढा. सुई असली तर कापावं लागेल."

"कापा की."

"आजी, याचं वय बघा. भूल दिल्यावर जागा होईलच असं मी सांगणार नाही."

घरी आल्यावर तिनं सुनेला सगळं सांगितलं. सून ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. आजीला वाटलं, कुत्र्यासाठी.

"आई," सून म्हणाली, "आणि सुई दुपट्यात असली तर?"

आजी म्हणाली, "कुत्रा जेवत नाही म्हणजे…"

"म्हणजे कुत्रा जेवत नाही. एवढंच."

आजी तशीच उठली. पाववाल्याचं घर तीन गल्ल्या पलीकडे, पण त्या दिवशी ते लांबच लांब जात होतं. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तिच्या मनात एक विचार आला: दुपट्यातच असू दे. दुपट्यात असली तर ठिगळ्याच्या पोटात नाही. विचार आला आणि तिचे पाय जागच्या जागी थांबले. अकरा दिवसांच्या बाळाच्या पाठीखाली सुई असावी, असं आपण मागितलं. तिनं एका भिंतीला हात टेकला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, म्हातारीला दम लागलाय.

बाळ त्याच दुपट्यावर झोपलं होतं. आजीनं दारातूनच सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. पाववाल्याच्या बायकोनं बाळ उचललं, त्याची पाठ बघितली, तळवे बघितले, मानेच्या वळ्या उलगडून बघितल्या. काही नव्हतं. मग दुपटं गोळा करून तिनं आजीच्या हातात दिलं.

"शनिवारी कळलं तुम्हाला?"

"शनिवारी संध्याकाळी."

"आज सोमवार आहे, आजी."

एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

परत येताना वाटेत रेडिओवाल्याचं दुकान. हा आजीच्या नवऱ्याचा जुना मित्र. लोकांचे रेडिओ कधीच गेले तरी याचं दुकान उघडंच. त्यानं दुपटं छातीशी धरून चाललेल्या आजीला हाक मारली, सगळी हकिकत ऐकली आणि फळीवरून फुटक्या स्पीकरचा बशीएवढा लोहचुंबक काढून तिच्यामागून घरी आला.

"वहिनी, सुई खोटं बोलेल, हा बोलणार नाही. माझ्या बायकोच्या तिजोरीची किल्ली यानंच शोधली होती."

"मग?"

"मग काय, तिनं याच्याशीच अबोला धरला."

आजीला हसू आलं नाही. दुपटं जमिनीवर पसरलं. रेडिओवाला चुंबक टाक्याटाक्यावरून फिरवत गेला. कडेनं, मधून, उलट्या बाजूनं. चुंबक गुळगुळीत सरकत राहिला. दुपट्यात सुई नव्हती. बाळ वाचलं, असं आजीच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं: मग ती याच्यातच आहे.

"याच्या पोटावरून फिरवा," ती म्हणाली.

"अहो वहिनी, पोटातली सुई अशी…"

"फिरवा म्हणते ना."

रेडिओवाल्यानं वाद घातला नाही. ठिगळ्या उभा राहिला. पोटावरून चुंबक गेला, बरगड्यांवरून गेला, छातीवरून वर आला. हनुवटीखाली येताच गळपट्टा आपणहून चुंबकाकडे ओढला गेला आणि बारीकसा टक् असा आवाज झाला. ठिगळ्या कण्हला.

सुनेनं गळपट्टा सोडला. पाच पदरी शिवणीत सुई नेढ्यापर्यंत बुडाली होती, मागे चार बोटं दोरा. टोक आतल्या बाजूनं गव्हाच्या दाण्याएवढं बाहेर. मान खाली घातली की ते गळ्यात घुसायचं. केसांत रक्ताचे वाळलेले ठिपके होते.

"काखेत कळसा अन्…" रेडिओवाला म्हणायला गेला आणि आजीचं तोंड बघून थांबला.

तिला आता सगळं लख्ख आठवलं, किंवा आठवलं नाही पण दिसलं. दार वाजलं. हातात सुई. हात सवयीनं बाहीकडे निघाला, बाही मना म्हणून वळला आणि गुडघ्याशी जे जाड, मऊ, स्वतःच्याच हातचं लागलं त्यात टोचून मोकळा झाला. हातानं तिला विचारलंसुद्धा नाही. आणि कुत्रा दोन दिवस ते सोसत बसला होता. आजीनं टोचलंय म्हणजे आजीच काढील, असं कदाचित त्याच्या डोक्यात असेल. कुत्र्यांचं कोण सांगणार.

सुनेनं कोमट पाण्यानं त्याचा गळा पुसला. मग त्यानं भांड्याला तोंड लावलं आणि भांडं ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेलं, तरी चाटतच होता. सून हसली, रेडिओवाला हसला. आजी सुईकडे बघत होती.

त्याच दिवशी ती पाववाल्याकडे पुन्हा गेली. सुई सापडली, दुपट्यात नव्हती, सगळं सांगितलं. पाववाल्याची बायको म्हणाली, "बरं झालं. तुमचा कुत्रा वाचला." दुपटं मात्र तिनं हातात घेतलं नाही. "राहू दे, आजी. दुसरं आणलंय." राग नव्हता तिच्या बोलण्यात. आजी तोच शोधत होती.

मंगळवारी सकाळी सून नेहमीसारखी खिडकीत उभी राहिली. दोरे ओवून झाले, तरी आजीनं उशी घ्यायला हात पुढे केला नाही.

"आज सहाच दे," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी आलीस की तू मोजायच्या. मी नाही."

सुनेनं एक सुई काढून घेतली. 'आता पुरे करा' असं ती म्हणाली नाही; म्हणेल म्हणून आजी थोडा वेळ वाट बघत राहिली. मग सुनेनं उशी तिच्या उजव्या हाताशी, कुत्र्यापासून लांब ठेवली आणि ती कामावर गेली.

ठिगळ्या येऊन डाव्या गुडघ्याला टेकला. गळ्यात आता नुसती सुतळी होती. आजीनं पहिली सुई उचलली, टाका घालायला गोधडी जवळ ओढली आणि आधी त्याला हातानं दोन हात पलीकडे सरकवलं. तो उठला आणि परत येऊन तिथंच बसला. तिनं पुन्हा सरकवलं. तो पुन्हा आला.