टोपीला सलाम करणारी घोडी

आमच्या तापीकाठच्या गावात स्वातंत्र्य आलं, तेव्हा त्याच्यासाठी जुनीच कमान उभी केली होती. इंग्रज साहेब दौऱ्यावर आला की चावडीपुढे हीच कमान लागायची. केळीचे खांब तेवढे नवे होते. खुर्च्या पाटलांच्या माडीवरच्याच, आणि त्यांत बसणारेही तेच. महिन्यापूर्वी साहेबाच्या पुढेपुढे करणारे आज खादीच्या टोप्या घालून आले होते. टोप्यांच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या.

माझे वडील पाटलांचे मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारे. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली ती पांढरी घोडी त्यांनीच तयार केली होती. साहेब समोर आला की ती पुढचे गुडघे टेकून मान वाकवायची. साहेब बदलत, पण डोक्यावरची रुंद काठाची सोला टोपी सगळ्यांची सारखी. म्हणून शिकवताना पाटील स्वतः एक जुनी सोला टोपी घालून उभे राहत आणि घोडी वाकली की वडील तिला गूळ चारत. टोपी घातल्यावर पाटलांचा चेहरा फार खुलायचा.

मी गावातला पहिला बी. ए. नंदुरबारच्या बोर्डिंगासाठी पाटलांनी चिठ्ठी दिली होती. ते उपकार मी विसरलेलो नाही. त्या दिवशीचं भाषण त्यांनी मला करायला सांगितलं, तेव्हा मी एकच विनंती केली. चावडीपुढच्या जाजमावर गाव बसायचं आणि वडील दरवेळी कडेला लगाम धरून उभे असायचे. मी बोलणार तेव्हा तरी त्यांनी बसून ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

"बसू दे ना," पाटील म्हणाले. "आते आपलं राज शे!"

पण आपल्या राज्याला सलामी नको का? चार दिवस आधी पाटलांच्या मनात आलं की घोडीने झेंड्याला वाकावं. वडील हळूच म्हणाले, "पाटील, झेंडाले डोकं नही, टोपी नही. तिले कसं समजी?"

"तू शिकाड. शिकाडाले ठेवेल शे ना तुले?"

झालं. त्या दिवशीही वडील लगाम धरून उभे. जाजमावर मी त्यांच्यासाठी राखलेल्या जागेवर पाटलांच्या व्याह्यांनी पानाचा डबा ठेवला.

मामलेदार आले. माणूस आपलाच, पण पाऊस उघडून ऊन पडलं होतं म्हणून डोक्यावर सोला टोपी. झेंडा वर गेला. पाटलांनी खूण केली. घोडीने झेंड्याकडे पाहिलं, मामलेदारांकडे पाहिलं, झेंड्याकडे पाठ फिरवली आणि टोपीपुढे गुडघे टेकले. मामलेदारांचा हात सवयीने कपाळाकडे गेला. सलाम त्यांनी घेतलाही!

मागून कोणीतरी ओरडलं, "पाटील, इंग्रज ग्यात, हाई घोडीले कोनी सांगंच नही का?"

जाजम हसून लोळलं. पाटील लालबुंद होऊन वडिलांवर धावले. "घोडी शे का गधडी? तुले किती सांगं व्हतं!"

"तिनी काय चूक?" वडील म्हणाले. "आपण जे शिकाडं तेच तिनी करं."

एव्हाना माझं नाव पुकारलं गेलं होतं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगाम पाटलांच्या हातात दिला. "धरा, पाटील. मन्हा पोऱ्या बोली ऱ्हायना. मी बठस."

पानाचा डबा बाजूला सारून ते मांडी घालून बसले.

मी बोललो. नागरिक म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, पाठ केलेलं सगळं बोललो. पाटील तोवर लगाम धरून उभे होते, कारण सैल केला की घोडी पुन्हा टोपीकडे ओढ घेत होती. शेवटी मी त्यांचे आभारही मानले. टाळ्या वाजवायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

पुढच्या वर्षी पाटलांनी जाजम घातलंच नाही. स्वातंत्र्याच्या दिवशी सगळ्यांनी उभं राहावं, त्यातच झेंड्याचा मान, असं त्यांनी गावाला समजावलं.

खुर्च्या मात्र माडीवरून उतरल्या होत्या.