पोटापाण्याचं कुलूप

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, वायरमन. तारेला हात लावण्याआधी टेस्टर तीनदा लावणार: आधी चालू टोकावर, मग बंद केलेल्या तारेवर, मग पुन्हा चालू टोकावर. मधेच टेस्टर मेला तर जिवंत तारही मेलेलीच दिसते, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काहीच नाही. पण घरीही तेच. ताई रागावली आहे का हे कळायला ते आधी "आज वार कोणता?" विचारत, मग "रागावलीस का?", मग पुन्हा "वार कोणता?" वार दोन्ही वेळा बरोबर आला तरच मधल्या उत्तरावर विश्वास. तिसऱ्या प्रश्नापर्यंत ती हमखास रागावलेली असे.

बाटल्या धुण्याच्या कारखान्यात ते नोकरीला, आणि त्यांच्याच शब्दावर मीही. माझं पद पाणीवाटप कारकून. पंपाला दम नव्हता, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतच नसे. म्हणून तळमजल्याला सकाळ, पहिल्या-दुसऱ्याला दुपार, आणि तिसऱ्यावरच्या बायकांना बादलीचे नंबर. नंबर देणारा मी. पंपाशेजारीच, जिन्याच्या पायथ्याशी टेबल, घंटा, वही, शिक्का असा सगळा थाट. सतरा वर्षं मी नसलेलं पाणी वाटलं आणि त्यावर दोन मुलं शिकवली.

यंदा पाणी समितीने तीन बैठका घेऊन पंपाला अक्कल नाही असा ठराव केला. अक्कल विकत आणायची ठरली. ती खोक्यातून आली: पंपाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर.

भावोजींनी मेन स्विच बंद केला, काम चालू असताना कुणी तो ओढू नये म्हणून त्याच्या पट्टीत आपलं लाल कुलूप घातलं आणि किल्ली सेफ्टी पिनने खिशाला अडकवली. टेस्टर तीनदा. कंट्रोलर गळक्या नळीपासून लांब, छातीच्या उंचीवर बसवला. अर्थिंगची तार सगळ्यात आधी जोडली. केबल खालून आत घेतली आणि वाटेत एक झोळ ठेवला, म्हणजे केबलवरून पाणी आलंच तर झोळातून खाली टपकेल. प्रत्येक स्क्रू आवळून तार ओढून पाहिली. मग झाकण लावलं, कुलूप काढलं, स्विच चालू केला.

कंट्रोलरने पंप चालवायला साफ नकार दिला. पडद्यावर अक्षरं आली, 'फेज उलटा', म्हणजे विजेच्या तीन तारांचा क्रम चुकलेला.

"नवीन आहे, लाजत असेल," साहेब म्हणाले. ते समितीचे अध्यक्ष.

भावोजींनी पुन्हा स्विच बंद केला, कुलूप घातलं आणि पंपाजवळ उकिडवे बसून ब्लेडने जुना रंग खरवडला. खालून एक बाण निघाला. पंप कुठल्या बाजूने फिरायला हवा हे दाखवणारा. आमचा पंप सतरा वर्षं बरोबर उलटा फिरत होता. उलटा फिरूनही थोडं पाणी देत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. तो जोडला होता भावोजींनीच.

"त्या दिवशी टेस्टर तीनदा लावला," ते म्हणाले. "बाण एकदाही नाही बघितला."

मी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "भावोजी, ही फेजची तपासणी बंद करता येत असेल ना?"

"येते."

"मग?"

"मग पंप उलटा चालेल आणि तू सुलटा."

त्यांनी टेस्टर तीनदा लावून दोन तारांची अदलाबदल केली. मग म्हणाले, "वहीच्या कपाटाचं कुलूप आण आणि इथे माझ्या कुलपाशेजारी लाव. ज्याला धोका त्याचं कुलूप, आणि ज्याचं त्यानेच काढायचं."

"मला कसला धोका?"

"पोटापाण्याचा."

मी लावलं. त्यांनी आपलं काढून घेतलं आणि स्टुलावर जाऊन बसले.

"तोडा ते," साहेब म्हणाले.

"माणूस आत असताना कुलूप तोडत नाहीत."

"आत कोण आहे?"

भावोजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तर बाहेर उभा होतो. साहेबांनी तरीही वाकून कंट्रोलरच्या मागे पाहिलं.

तासभर असाच गेला. मी किल्ली मुठीत धरून उभा. मग तिसऱ्या मजल्यावरची एक पोक्त बाई बादली घेऊन आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "नंबर द्या, भाऊ," म्हणाली आणि गुडघा चोळत पायरीवर टेकली. मी वही उघडली. तिचा नंबर चौदावा. सतरा वर्षं ती रोज हा जिना चढत होती, आणि मी तिला नंबर देत होतो. मला लाज वाटली, सरळ सांगतो. वही मिटली आणि कुलूप काढलं.

पंप सुलटा फिरला. तिसऱ्या मजल्यावरचे नळ कधी कुणी बंदच केले नव्हते. काही येतच नाही तर बंद काय करायचं? बावीस नळ एकदम सुटले. पाणी जिना उतरून आलं आणि माझी वही टेबलावरून उचलून घेऊन गेलं. बाई गुडघा विसरून वर पळाली, बादली इथेच तरंगत राहिली. भावोजींनी आधी स्विच बंद केला. साहेबांनी पाण्यात उभं राहूनच समिती बरखास्त केली, आणि तिच्यासोबत माझं पदही.

भावोजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्याजवळ आले.

"तुझी नोकरी गेली ना?"

"गेली."

"माझ्यावर राग आहे?"

"नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं, "नोकरी गेली ना?"

"गेली म्हटलं ना, भावोजी."

"मग मधलं खरं," ते म्हणाले, आणि चष्मा काढून ओल्या शर्टाला पुसत बसले.