बाबांनी जोडलेला कॉम्प्युटर

गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं ठरवल्यावर दोन महिने मी नुसते व्हिडिओ बघत होते. त्यातून एवढंच कळलं की ग्राफिक्स कार्ड चांगलं घ्यावं आणि बाकी सगळीकडे चिकटपणा करावा. फक्त पॉवर सप्लायमध्ये करू नये, नाहीतर कार्डाबरोबर घरही पेटेल. म्हणून कॅबिनेट बिनदिव्यांचं घेतलं, प्रोसेसर वापरलेला, त्याच्यावर बसवायचा कूलर नवा पण सगळ्यात स्वस्तातला, आणि कार्ड पवईचं हॉस्टेल सोडून चाललेल्या एका मुलाकडून. यावर फक्त अभ्यास केलाय, असं तो म्हणाला. थाप आहे हे कळत होतं, पण तसलं कार्ड त्या भावात दुसरीकडे नव्हतं.

जोडायचं काम बाबांनी मागून घेतलं. ते भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडल्यापासून त्यांनी घरातला बल्बसुद्धा बदलला नव्हता. आई इलेक्ट्रिशियनला बोलवायची आणि तेवढा वेळ बाबा खाली जाऊन बसायचे. आता त्यांनी मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये चादर अंथरली, चष्मा पुसला आणि चार तास माझ्यापुढे हात करून स्क्रू मागत राहिले. स्क्रीन लागली तेव्हा म्हणाले, "हात विसरले नाहीत अजून."

दहा मिनिटांत कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मी कार्डाला आणि पवईच्या मुलाला शिव्या घातल्या. जेवताना बाबा एकदाच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल गं," आणि अर्ध्या पानावरून उठले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेल्यावर मी कॅबिनेट रिक्षात घालून घाटकोपरच्या एका रिपेअरवाल्याकडे नेलं. त्याने कूलर काढून उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. कूलर जिथे प्रोसेसरला टेकतो, तिथलं पारदर्शक प्लास्टिक तसंच होतं. प्रोसेसर तापून बंद पडत होता. कार्ड ठणठणीत होतं. वापरण्यापूर्वी काढा, असं प्लास्टिकवर छापलेलं होतं. पण आमच्याकडे नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कोणी काढत नाही. फ्रिजच्या हँडलवर आहे, टीव्हीच्या कडेला आहे. बाबांनी इथलंही जपलं होतं.

घरी बाबा दारातच उभे होते. काय निघालं, म्हणून त्यांनी विचारलं.

"माझीच चूक," मी म्हणाले. "तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी कूलरचे स्क्रू फिरवून बघितले. सैल झाले होते."

"तुला कोणी हात लावायला सांगितलं होतं?"

मग बाबा जे सुरू झाले ते अर्धा तास थांबले नाहीत. कारखान्यात नव्या पोरांना महिनाभर नुसतं बघायला लावायचे. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याला हात घालायचा नाही, समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. मुळात विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कामात बोट घालायचं नाही. आवाज इतका चढला की आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली. मी मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांनी इतक्यात थांबू नये असं मला वाटत होतं.