गुरुवारची शिट्टी

माझी सध्याची पोस्टिंग चाकण. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी कंपनी आहे, तिच्या गेट नंबर दोनवर मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. घर कुरुळीत, वाडवडिलांपासूनचं. त्याआधी फौजेत तोफखान्यात होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो. गावात मला फौजी म्हणतात, कंपनीतली पोरं फौजी काका म्हणतात. फौजेतून काय आणलंत, असं कोणी विचारलं की मी सांगतो, एक काळी ट्रंक, दोन मेडलं आणि डाव्या कानात एक शिट्टी. ट्रंक गंजली, मेडलं कपाटात पडली आहेत. शिट्टी मात्र अजून ड्युटीवर आहे.

ही शिट्टी म्हणजे बारीक, एकसुरी आवाज. तो चोवीस तास चालू असतो. त्याला सुट्टी नाही, रजा नाही. चिंचवडच्या कानाच्या डॉक्टरांनी त्याला टिनिटस म्हणतात असं सांगितलं. कानाच्या आतल्या नसा तोफेच्या आवाजाने कायमच्या दुखावल्या आहेत, आता औषध नाही, असंही सांगितलं. मी विचारलं, "मग करायचं काय?"

"भांडू नका त्याच्याशी. दुर्लक्ष करायला शिका."

मी ती ऑर्डर समजलो आणि ऑर्डर पाळायची मला सवय आहे. थंडीतही टेबलफॅन लावून झोपतो, म्हणजे त्याच्या घरघरीत शिट्टी बुडते. माझी बायको सुमन दोन गोधड्या घेऊन त्या फॅनला आणि मला शिव्या देत झोपते. लग्नात मी डीजेपासून लांब, भिंतीला डावा कान लावून बसतो. पाहुण्यांना वाटतं फौजीला फार आढ्यता आहे. केबिनमध्ये एक जुना रेडिओ ठेवला आहे. तो कुठल्याच स्टेशनवर लावत नाही, दोन स्टेशनांच्या मधे ठेवतो. त्याची खरखर ऐकत बसलं की बरं वाटतं. गेटवरच्या सगळ्यांना हे माहीत आहे आणि सगळे त्यावर हसून घेतात.

कंपनी चालू असली की मला त्रास नसतो. प्रेस शॉपचे दणके जमिनीतून पायात येतात, फोर्कलिफ्ट ओरडत असतात, रस्त्यावर कांद्याचे ट्रक आणि कंपनीच्या बसेस असतात. एवढ्या गोंगाटात माझी शिट्टी बिचारी कोपऱ्यात बसते. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. जग गुरुवारची वाट बघतं, मला गुरुवार नको असतो. सगळी मशीन बंद, शेड गप्प, आणि कानात शिट्टीचा दरबार भरलेला. तरी गुरुवारची ड्युटी मीच मागून घेतो, कारण घरात ती त्याहून मोठी वाजते.

ती कशी लागली ते आधी सांगायला हवं. आमची रेजिमेंट उत्तरेकडच्या डोंगरात होती. आमच्या तोफेवर मी गोळा भरायला होतो आणि माझ्या शेजारी नाईक शेडगे. सातारा जिल्ह्यातला, खटाव तालुक्यातला. अंगाने काटक आणि तोंडाने सुटलेला. कानात घालायला बोळे मिळत, पण ते दोन्ही कानांत घातले तर नंबर वनची, म्हणजे तोफेच्या प्रमुखाची, ऑर्डर ऐकू येत नाही. म्हणून आम्ही सगळे एकाच कानात बोळा घालायचो, दुसरा ऑर्डरसाठी उघडा. माझा डावा उघडा असायचा. तिथे तो शहाणपणा वाटायचा.

फायरिंग थांबलं की प्रत्येकाच्या कानात शिट्टी वाजायची. अडचण अशी की समोरून येणारा गोळाही शिट्टी वाजवतच येतो. मग ही शिट्टी आपल्या कानातली की आभाळातली, हे कळायचं कसं? शेडगेने एक युक्ती काढली होती. दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबायचे. आवाज तसाच राहिला किंवा वाढला तर तो आतला. कमी झाला तर बाहेरचा, आणि मग विचार करायचा नाही, खंदकात उडी. फायरिंग थांबलं की तो शेजारच्याच्या हेल्मेटवर टपली मारून विचारायचा, "आतला का बाहेरचा?" आम्ही कान दाबायचो आणि ओरडायचो, "आतला!" ती टपली एकाकडून दुसऱ्याकडे जात पुन्हा शेडगेकडे यायची. नव्या पोरांना आधी हसू यायचं. आठवड्याभरात तीही कान दाबायला लागायची.

आता त्या गुरुवारचं सांगतो.

कंपनी बंद होती. आत फक्त एक माणूस होता, बालाजी. नांदेडकडचा, मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टरचा फिटर. पेंट शॉपमध्ये रंग वाळवायची मोठी भट्टी आहे, ती गॅसवर चालते. तिच्याखालच्या खड्ड्यात गंजलेले बोल्ट ग्राइंडरने कापून काढायचे होते. परमिट होतं, सकाळी गॅसची तपासणी झाली होती, सगळं ठीक होतं. मी त्याला केबिनमध्ये चहा दिला. तो शिंकत होता.

"आल्याचा चहा हाय म्हनता काका, मला तर निस्तं गरम पानी पेल्यावानी लागलालंय. नाक गच्च झालंय बगा, कायबी वास येईना."

"वाफ घे घरी गेल्यावर. आणि कानात बोळे घाल. ग्राइंडर आहे."

"घालतो की एका कानात."

मी भडकलो. "दोन्ही! दोन्ही कानांत घाल. माझ्यासारखा शहाणपणा करू नको, म्हातारपणी रेडिओची खरखर ऐकत बसशील." माझ्यासमोर त्याने दोन्ही कानांत बोळे खोचले, मला कडक सॅल्यूट ठोकला आणि हसत गेला.

मी पेपर उघडला. शिट्टी सुरू होतीच. थोड्या वेळाने ती वाढली. मी मनात म्हटलं, गुरुवार आहे, वाढणारच. रेडिओ जरा मोठा केला. ती आणखी टोकदार झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मी खांदे सैल सोडले, हळूहळू श्वास घेतले, लक्ष दुसरीकडे नेलं. शब्दकोडं सोडवलं, उरलेला चहा प्यायलो. मी अगदी व्यवस्थित दुर्लक्ष करत होतो. आज जमतंय, असंही मला वाटलं. त्याचं मला बरं वाटलं होतं, हे लिहिताना अंगावर काटा येतो.

शेवटी सहन होईना, तेव्हा रेडिओ बंद केला, डोळे मिटले आणि दोन्ही तळहात कानांवर दाबले. ठरवून नाही, हातांना सवय आहे.

शिट्टी कमी झाली.

हात काढले, वाढली. पुन्हा दाबले, कमी झाली. रिटायर झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. माझ्या कानातला आवाज कान दाबल्यावर वाढतो. हा बाहेरचा होता.

मी उठून आवाजामागे गेलो. केबिनच्या मागच्या खोलीत त्याच आठवड्यात नवीन पॅनल बसवलं होतं, गॅसची गळती दाखवणारं. लाल दिवा लागला की फोन करा, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. ते वाजतं कसं, हे कोणी ऐकवलं नव्हतं. खिळ्याला कोणाचं तरी जर्किन लटकत होतं, नेमकं पॅनलवर. मी ते ओढून काढलं. दिवा लाल होता. खाली लिहिलेलं होतं, पेंट शॉप.

गेटवर सोपान होता, माझ्याच गावचा गार्ड. मी ओरडलो, "सोपान, हा आवाज ऐकू येत नव्हता तुला?"

"येत व्हता की काका. मला वाटलं तुमचा रेडिओच शिट्ट्या मारतोय."

मीही तेच केलं होतं. "गॅस यार्डात पळ. मेन व्हॉल्व्ह बंद कर. मोबाईल इथेच ठेव."

वॉकीटॉकी हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. गॅस असेल तिथे वॉकीटॉकी नाही, फोन नाही, दिव्याचं बटणसुद्धा नाही. एक ठिणगी पुरते. आणि बालाजी ठिणग्यांचंच काम करायला बसला होता. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली उतरतो, खड्ड्यात साठतो. बालाजी खड्ड्यात होता. नाक बंद असल्यामुळे त्याला वास येणार नव्हता. हाका मारल्या तरी ऐकू जाणार नव्हत्या, कारण दोन्ही कानांत बोळे मीच घालायला लावले होते.

मी पळालो. माझे गुडघे पळायचे राहिलेले नाहीत, पण पळालो. बंद प्रेस शॉपमधून माझ्याच बुटांचा आवाज येत होता. तोंडाने काहीतरी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते नंतर सोपानने सांगितलं.

पेंट शॉपच्या दारातच वास आला. बालाजी खड्ड्यात वाकून बसला होता, पाठ माझ्याकडे. ग्राइंडर उजव्या हातात, अंगठा बटणावर. डाव्या हाताने तो बोल्टवरची धूळ पुसत होता. ती पुसली की तो बटण दाबणार होता. मी खड्ड्यात उतरलो नाही, पडलोच. पडता पडता त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने हेल्मेटवर टपली मारली.

तो दचकला. मी त्याचा अंगठा बटणावरून उचलला, एखाद्या लहान मुलाच्या मुठीतून वस्तू काढून घ्यावी तसा. ग्राइंडर जमिनीवर हळूच ठेवला. मग त्याला कॉलरला धरून वर ढकललं आणि स्वतः वर आलो. आम्ही बाहेर मोकळ्यावर पोहोचलो तेव्हा त्याने कानातले बोळे काढले.

"काका, काय झालं?"

मी त्याला हातानेच मागे दाखवलं.

सोपानने व्हॉल्व्ह बंद केला होता. सेफ्टी ऑफिसर सुट्टी सोडून पिंपरीहून आले, गॅस मोजायचं मीटर घेऊन दारातून आत पाहिलं आणि परत फिरले. बालाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तो ग्राइंडर चालू केला असतास ना..." बालाजी मटकन खाली बसला आणि रडायला लागला. त्याची मुलगी वर्षाची आहे. ते मला तेव्हाच कळलं.

मी झाडाखाली बसलो होतो. सोपानने पाणी दिलं, ते अर्धं शर्टावर सांडलं. गॅसची भीती केव्हाच मागे पडली होती. हादरलो होतो ते वेगळ्याच गोष्टीने. माणूस मरणाच्या दारात बसलेला, घंटा माझ्या डोक्यामागे वाजतेय, आणि मी शब्दकोडं सोडवतोय, तेही शांत मनाने. एवढी मेहनत करून मी हेच शिकलो होतो. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांना माझ्या कानाचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी नोकरी ठेवली. पॅनल आता माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि त्याच्यावर फिरणारा मोठा दिवा आहे. जर्किनाचा खिळा मी स्वतः उपटला.

सोपान म्हणाला, "काका, तुमी पळताना सारखं एकच वरडत व्हता. बाहेरचा, बाहेरचा. मला वाटलं बाहेरचा कुनी मानूस आत शिरला."

ते ऐकलं आणि मी उठून बाजूला गेलो.

डोंगरातल्या त्या दिवशी आमचं फायरिंग थांबलं होतं. टपली सुरू व्हायची होती. मी कान दाबायला हात उचलले होते, ते अजून कानांपर्यंत पोहोचले नव्हते. शेडगेचे पोहोचले होते. त्याने मला विचारलं नाही. तो एकच शब्द ओरडला, "बाहेरचा!", आणि मला खंदकात ढकललं. मग माझ्या मागोमाग आणखी दोघांना. चौथी उडी त्याची स्वतःची होती. ती मारायला त्याला वेळ मिळाला नाही. मी वर आलो तेव्हा डाव्या कानात शिट्टी होती आणि शेडगेच्या हेल्मेटला टपली मारली तर ते रिकामं होतं.

त्याची बायको खटावलाच असते. मुलगी मोठी होऊन नोकरीला लागली. दिवाळीला मी फोन करतो, एरवी नाही. त्या गुरुवारी घरी आल्यावर केला. जे झालं ते सगळं सांगितलं. त्याची युक्ती कशी, हात कानावर कसे गेले, तेही. म्हणालो, "वहिनी, आज त्यानेच वाचवला त्या पोराला."

त्यांनी विचारलं, "नाव काय त्या पोराचं?"

"बालाजी."

"लेकरंबाळं हायती?"

"एक मुलगी. वर्षाची."

"आमची बी तेवढीच व्हती," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं भावजी. तिचा बाप घरी गेला."

फोन ठेवला. सुमनने न सांगता टेबलफॅन लावला. मी उठून तो बंद केला. शिट्टी वाजत होती. दोन्ही तळहात कानांवर ठेवले आणि नीट ऐकलं.

आतला होता.