तब्येत जास्त आहे

आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी परगावी कोणी सरळ कळवत नाही. ‘तब्येत जास्त आहे, निघून ये,’ एवढंच सांगायचं, म्हणजे येणारा वाटेत खचत नाही. ऐकणाराही उलट विचारत नाही. ‘आहेत ना अजून?’ हे तोंडातून काढणं अभद्र.

आत्या गेली तेव्हा माझा दादा कॉलेजसाठी ठाण्याला राहत होता. त्यालाही असंच कळवलं, आणि तो आत्यासाठी मोसंबी घेऊन आला. घराच्या वळणावर आला तर अंगणात तिरडी बांधायचं चाललेलं. पिशवी हातात धरून तो तिथेच उभा राहिला. नंतर मला म्हणाला, “आता मला कुणी ‘जास्त हाय’ सांगितलं ना, की काय ते मी समजून घेन. पुन्यांदा फळं घेऊन यायचा नाय.” चिडून बोलला होता, आणि चिडून बोललेलं आमच्या घरात कोणी मनावर घेत नाही.

पुढे दादा आखातात गेला, वाळवंटातल्या एका साइटवर, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. फोन करायचा तर कंपनीच्या गाडीने शहरात जावं लागायचं, आणि गाडी आठवड्यातून दोनदाच. ही दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. जो तो सोशल नेटवर्कवर फोटो टाकत होता. धसईच्या पुढे आमच्या गावात मात्र मोबाइल जोडून नेट लावलं की ते पान अर्धं उघडायचं आणि वीज जायची. दादाच्या ऑफिसने तर ते पान बंदच करून ठेवलेलं.

पण हा पठ्ठ्या गप्प बसणारा नव्हता. सुट्टीत आला तेव्हा त्याने घरच्या कॉम्प्युटरवर एक छोटासा प्रोग्राम टाकला; तिकडे ऑफिसातही तोच चालायचा. काळी खिडकी उघडायची, एक कमांड टाइप करून पुढे आपलं वाक्य लिहायचं आणि एंटर मारायचा, की ते नेटवर्कवर जाऊन पडायचं. दुसरी कमांड दिली की समोरच्याच्या ओळी खालोखाल उमटायच्या. फोटो नाही, रंग नाही, आणि मराठीचे चौकोन व्हायचे म्हणून आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. खाती दोघांचीच, दुसऱ्या कोणाला न दिसणारी.

मी तेव्हा मुरबाडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. संध्याकाळी घरी आले की बाबा खुर्ची ओढून माझ्या मागे बसायचे. “लिव, कोलम बरा आलाय. लिव, म्हैस आटली.” एका ओळीत मावेल तेवढंच जातं, हे त्यांना पटायचं नाही. “एवढा इंजिनेर झाला नि एक वळ पाठवतोय,” म्हणून दादाला नावं ठेवायचे, आणि ती ओळ माझ्याकडून परत परत वाचून घ्यायचे. म्हशीचं कळल्यावर दादाने लिहिलं होतं, ‘आता बाबांना चहा कोरा द्या, वजन कमी होईल.’ त्यावर बाबा आठवडाभर हसत होते.

मग बाबांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून सांगितलं, आता घरी न्या. घरी आणल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही, देव म्हटला नाही. म्हणाले, “त्याला बोलव. मला एकदा बघायचाय त्याला.” दुसरं काहीच मागणं नव्हतं.

मी काळी खिडकी उघडली. ‘बाबा तुझी आठवण काढतायत,’ इतकं लिहिलं असेल, तर मागून काका म्हणाले, “असं नको लिवू गो, पोरगा घाबरंल. लिव, तब्येत जास्त हाय, निघून ये.” घरात मोठं माणूस तेच. मी पुसलं आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. खोटं तर काहीच नव्हतं त्यात. तब्येत जास्तच होती.

संध्याकाळी दादाची ओळ आली. ‘समजलं. माझ्यासाठी थांबू नका. मी मागून येतो.’

मला इतका संताप आला की स्क्रीनच फोडावासा वाटला. बाप अंथरुणाला खिळलाय आणि हा साहेबासारखा मागून येतोय. बाबांनी विचारलं, “काय लिवलंय त्यानं?” मी म्हटलं, “निघालाय.” ते निवांत झाले. त्यानंतर मुरबाडची एसटी फाट्यावर थांबली की ते मान दाराकडे वळवायचे. मी रोज लिहीत होते. ‘आज दोन घास पेज घेतली.’ ‘तुझं विचारत होते.’ ‘आज उठून बसले, म्हणाले तो आला की दाढी करीन.’ उत्तर एकाचंही नाही. दादा बदलला, असंच मी धरून चालले होते.

सहा दिवसांनी पहाटे बाबा गेले. दाढी वाढलेलीच होती. काका आत आले, डोळे पुसले आणि मला म्हणाले, “त्याला कळव. लिव, तब्येत जास्त हाय, निघून ये.” मी लिहिलं.

दादा आला तो दुपारच्या गाडीने, हातात बॅग आणि डोक्याचा गोटा केलेला. आई त्याच्या गळ्यात पडून रडली, तोही रडला. पाय धुऊन ओटीवर बसला तेव्हा त्याने काकांना विचारलं, “नदीवर किती वाजता जायाचं? आज दहावा ना?”

काका म्हणाले, “आज? आज चवथा रे.”

दादा काकांकडे बघतच राहिला. मग माझ्याकडे वळला. त्या क्षणी ओटीवर बसलेल्या सगळ्यांना कळलं, की बाबा जिवंत असताना याने तिकडे डोकं भादरून घेतलं होतं.

मग तो तुटक तुटक बोलत गेला. माझी पहिली ओळ वाचली आणि समजून घेतलं. रात्रभर मढं कोण ठेवतंय, आपण काही पोचत नाही, म्हणून थांबू नका लिहिलं. दुसऱ्याच दिवशी शहराची गाडी होती. साहेब म्हणाला, बस आजच. हा म्हणाला, आता घाई नाय, दहाव्याला पोचलो की झालं, आणि आपली जागा दुसऱ्याला दिली. फोन केला नाही, कारण आईचं रडणं ऐकायची हिंमत नव्हती. आणि त्यानंतर ती काळी खिडकी परत उघडली नाही. “सुतकात कसल्या गप्पा मारायच्या,” तो म्हणाला.

काका उठून गोठ्याकडे गेले ते जेवायलाही आले नाहीत. कोणी त्यांना बोललं नाही. काय बोलणार? त्यांच्या जागी गावातल्या कोणीही तेच सांगितलं असतं.

खऱ्या दहाव्याला नदीवर न्हाव्याने दादाच्या डोक्यावरून पुन्हा वस्तरा फिरवला. काढायला तसं काही नव्हतंच. घरी परतल्यावर तो कॉम्प्युटरपाशी बसला आणि वाचायची कमांड दिली. माझ्या ओळी खालोखाल आल्या. पेज, विचारपूस, दाढी. तो एकेक ओळ सावकाश वाचत होता. मी दारात उभी होते. त्याला तिथून उठवावं असं फार वाटलं.

पहिली ओळ आणि शेवटची ओळ अक्षर न् अक्षर सारखी होती. दादाने आधी एकीला बोट लावलं, मग दुसरीला, आणि परत पहिलीवर आणलं.

“ही वाचली तवा बाबा होते?” त्याने विचारलं.

“होते,” मी म्हटलं. “इथं माझ्या मागं खाटेवर होते. तुझं काय येतंय म्हणून जागे होते.”